सात रात्री की चौदा? जहाजावरच्या खोलीचा हिशेब

अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेली मुले उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावून घेतात, तेव्हा अलीकडे त्या मुक्कामात अलास्काची क्रूझ अनेकदा असते. सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हर येथून निघणारे मोठे प्रवासी जहाज, हिमनद्यांपर्यंतचा प्रवास, वाटेत तीनचार बंदरे. बेत ठरतो, पैशांची बेरीज होते आणि मग घरात एक प्रश्न उभा राहतो. हाताशी असलेल्या रकमेत सात रात्री बाल्कनी असलेल्या ऐसपैस खोलीत काढाव्यात, की खिडकीही नसलेल्या आतल्या खोलीत राहून चौदा रात्री फिरून यावे? मुले म्हणतात, ‘खोलीत काय, फक्त झोपायचंच तर आहे.’ वडील म्हणतात, ‘इतक्या लांब पुन्हा थोडंच येणार आहोत!’ दोन्ही बोलणी खरी असतात. पण निर्णय घेण्यास ती पुरेशी नसतात.

हा प्रश्न आपण हौसेचा आणि पैशांचा मानतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तो प्रथम प्रकृतीचा आहे, आणि त्याचे उत्तर दरपत्रकात मिळत नाही. एक वही घ्या. आपले वडील, आई, किंवा आपण स्वतः घरी दिवसाचे किती तास खोलीत असतो, ते चार दिवस लिहून काढा. रात्रीची झोप आठ तास. दुपारच्या जेवणानंतर आडवे होणे दोन तास. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतली असेल, तर पुढचे दोनतीन तास स्वच्छतागृह हाताशी हवे. स्नान, पूजा, व्यायाम, औषधे. बेरीज पंधरा तासांच्या आसपास आली तर आश्चर्य वाटू देऊ नका. ‘खोलीत फक्त झोपायचंच’ हे वाक्य तिशीतल्या माणसाचे आहे. पंचाहत्तरीत त्याच खोलीत दिवसाचा मोठा भाग जातो. बेरीज नऊदहा तासांवरच थांबली, तर खोलीवर फार खर्च करण्याचे कारण नाही.

दुसरा हिशेब दिवसांचा. भारतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात पोहोचलेल्या माणसाच्या शरीराचे घड्याळ तेथील घड्याळापासून साडेबारा तास दूर असते. अलास्कात आणखी एक तासाची भर पडते. एका कालविभागाला साधारण एक दिवस, असा शरीर रुळण्याचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे विमानातून उतरून तिसऱ्याच दिवशी जहाजावर चढलेल्या आईसाठी हिमनदी मध्यरात्री उगवते. मुलांकडे किमान दहाबारा दिवस राहून मगच जहाजावर जावे, हे उत्तम. त्यापुढे समुद्राची सवय. जहाजाचे हेलकावे आतल्या कानाला जाणवतात, पण डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ निर्माण होते. मेंदू दोनतीन दिवसांत तिच्याशी जुळवून घेतो. वाढत्या वयात समुद्र लागण्याची प्रवृत्ती सहसा कमी होते, ही ज्येष्ठांसाठी सुवार्ता. परंतु त्यावरच्या गोळ्या ज्येष्ठांना अधिक बाधतात. प्रोमेथाझिनसारख्या औषधाने गुंगी येते, तोल जातो, कधी गोंधळल्यासारखे होते. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते आणि विशिष्ट प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यांतील दाब वाढू शकतो. शेजाऱ्याने दिलेली गोळी म्हणूनच घेऊ नये.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की एक निष्कर्ष आपोआप निघतो. तीन वा चार रात्रींची सफर कितीही आलिशान खोलीत केली, तरी शरीर रुळते न रुळते तोच सामान आवरण्याची वेळ येते. चार रात्रींचा ‘स्वीट’ आणि सात रात्रींची साधी खोली यांत निवड असेल, तर सात रात्री घ्या. येथपर्यंत वडिलांचे म्हणणे बरोबर आहे.

सातांपुढे मात्र गणित उलटते. अलास्काच्या चौदा रात्रींच्या अनेक सफरी म्हणजे व्हँकुव्हरहून व्हिटिअर किंवा स्यूअर्डपर्यंत सात रात्री आणि त्याच वाटेने परत सात रात्री. जूनो, स्कॅगवे, केचिकन ही बंदरे बहुतेक वेळा दोन्ही फेऱ्यांत येतात. दिवस दुप्पट होतात, पाहणे दुप्पट होत नाही. शिवाय व्हँकुव्हरपासून वर जाणारा ‘इनसाइड पॅसेज’ हा बेटांच्या आडोशाचा मार्ग बराच शांत असला, तरी व्हिटिअर किंवा स्यूअर्डला जाण्यासाठी अलास्काचे आखात ओलांडावे लागते. ते उघडे पाणी आहे. चौदा रात्रींच्या सफरीत ते दोनदा ओलांडायचे. सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजेही बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या बाजूने, खुल्या प्रशांत महासागरातून जातात. ज्याला हेलकाव्यांची धास्ती आहे त्याने व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परतणारे जहाज पाहावे. (सिअ‍ॅटलची जहाजेही वाटेत कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबतात. परदेशी ध्वजाखालच्या प्रवासी जहाजांना बंधनकारक असलेला 1886 सालचा एक अमेरिकी कायदा त्याचे कारण. भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी कॅनडाच्या प्रवेशाची कागदपत्रे म्हणूनच आधी पाहून घ्यावीत, आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हेही.)

लांब सफरीची आणखी एक किंमत ताटात असते. जहाजावर शाकाहारी, जैन, मधुमेही जेवणाची सोय आधी कळवल्यास होते. पण सूप, पाव, चीज, सॉस यांतील मीठ आपल्या ताब्यात नसते. रक्तदाब असणाऱ्याला एक आठवडा हे निभावता येईल. हृदय कमकुवत असणाऱ्याला, पायांवर सूज येणाऱ्याला दोन आठवडे तेच मीठ जड जाते. अशा व्यक्तीचे वजन रोज सकाळी एकाच वेळी करावे. जहाजाच्या व्यायामशाळेत काटा बहुधा मिळतो, नाहीतर छोटा सोबत न्यावा. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या बंदराची वाट न पाहता जहाजावरच्या डॉक्टरांना दाखवावे.

आता खोलीकडे वळू. येथे ‘आलिशान’ आणि ‘सोयीची’ या दोन शब्दांत फारकत करणे अगत्याचे आहे, कारण जहाजाच्या जाहिरातीत ते एकच असतात.

आलिशान खोल्या पुष्कळदा वरच्या मजल्यांवर असतात. जहाज मात्र सर्वांत कमी हलते ते मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. वर, अगदी पुढे आणि अगदी मागे हेलकावा वाढतो. दुप्पट भाडे देऊन अधिक हलणारी खोली घेण्यात काय मतलब? काही महागड्या खोल्यांच्या न्हाणीघरात टब असतो आणि त्यातच उभे राहून अंघोळ करायची असते. गुडघे दुखणाऱ्या आईला हलत्या जहाजात दीड फुटी कठडा ओलांडून टबात उतरायला लावणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय. साध्या खोलीतील छोटा शॉवर तिच्यासाठी अधिक सुरक्षित असतो, मात्र तेथेही एक खोड असते: न्हाणीघराच्या दारात पाणी अडवण्यासाठी उंच उंबरठा. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला तो अंधारात आठवत नाही. सोबत लहानसा रात्रीचा दिवा न्यावा, आणि पहिल्याच संध्याकाळी उंबरठ्यावर उठून दिसणाऱ्या रंगाची चिकटपट्टी लावावी. चाकांची खुर्ची किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, उंबरठा नसलेल्या, बसून अंघोळ करता येईल अशा खोल्या राखून ठेवलेल्या असतात. त्या थोड्याच असतात आणि लवकर संपतात. अशी गरज असेल, तर सफरीची तारीखसुद्धा त्या खोलीच्या उपलब्धतेप्रमाणे ठरवावी, इतके तिचे महत्त्व आहे.

अंतराचाही विचार करा. मोठे जहाज सुमारे 300 मीटर लांब असते. खोली एका टोकाला असेल तर लिफ्टपर्यंतच शंभर मीटर जाऊ शकतात, आणि भोजनगृह दुसऱ्या टोकाला असेल तर रोज तीन वेळा जहाजाची लांबी जाऊन-येऊन तुडवावी लागते. तरुणांना हा व्यायाम वाटतो. दम लागणारे वडील मात्र तिसऱ्या दिवसापासून ‘मला भूक नाही’ म्हणू लागतात. घरच्यांना वाटते, जेवण आवडले नसावे.

स्वस्त भाड्यातील एक अट येथेच सांगितली पाहिजे. काही तिकिटांत खोलीचा प्रकार ठरलेला असतो, परंतु खोली कोठली हे कंपनी नंतर ठरवते. ही सवलत ज्येष्ठांसाठी घेऊ नये. वाचलेले पैसे टोकाच्या खोलीत खर्ची पडतात.

उजेडाचे काय? आतल्या खोलीत दिवा मालवला की मिट्ट काळोख. काहींना त्यात गाढ झोप लागते, आणि जूनमध्ये जूनोला दिवस अठरा तासांचा असताना हा काळोख वरदानही ठरतो. पण वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळसर होते आणि झोपेचे घड्याळ लावणारा प्रकाश मेंदूपर्यंत कमी पोहोचतो; ज्येष्ठांना दिवसा अधिक उजेडाची गरज असते. ज्यांची स्मृती आधीच डळमळीत आहे, त्यांना खिडकी नसलेल्या खोलीत पहाटेचे चार आणि दुपारचे चार एकच वाटतात. अशा व्यक्तीसाठी आतली खोली मी कधीही सुचवणार नाही, भले दिवस अर्धे मिळोत.

तरीही त्यांना बाल्कनी द्यावी, असे नाही. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती रात्री उठून घरचे दार समजून बाल्कनीचे दार उघडू शकते, आणि काळजीवाहकाची झोप त्या एका कडीवर टांगलेली राहते. मग बाल्कनी कोणासाठी? ज्यांचे मन तल्लख आहे पण पाय साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी. ग्लेशिअर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला केवळ दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश असतो. जहाज तेथे किनाऱ्याला लागत नाही. उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, आणि सारा दिवस हिमनद्या पाहण्यात जातो. ज्याला वरच्या डेकवरच्या गर्दीत आणि गार वाऱ्यात अर्धा तासही उभे राहवत नाही, त्याला आपल्या खुर्चीत, शालीत, हाती चहाचा पेला घेऊन तो दिवस पाहता आला, तर बाल्कनीचे भाडे वसूल झाले म्हणा. हिमनदीसमोर जहाज सावकाश वळवले जाते, तेव्हा डावी बाजू की उजवी यावर मात्र फार डोके शिणवू नका.

या दोन टोकांमध्ये एक तिसरी खोली असते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागी असलेली, न उघडणाऱ्या खिडकीची. काही जहाजांवर अशा खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. देखावा अडतो म्हणून भाडे उतरते. उजेड आत यायचा तो येतोच. हेलकावा कमी, रात्री उघडणारे दार नाही, दिवस-रात्र कळते. माझे मत विचाराल तर बहुसंख्य ज्येष्ठांसाठी सात रात्री आणि ही खोली, ही जोडी चौदा रात्रींच्या काळोखाहून आणि सात रात्रींच्या थाटाहूनही उजवी.

काळजीवाहकांशी दोन शब्द. आतल्या खोलीचे क्षेत्रफळ साधारण दीडशे ते एकशेऐंशी चौरस फूट, त्यातच न्हाणीघर आणि कपाट. वडील रात्री चार वेळा उठतात, घोरतात, श्वासाचे यंत्र लावतात. आणि आपण दोन हातांवरच्या पलंगावर जागे असता. घरी निदान दुसरी खोली असते. या परिस्थितीत चौदा रात्री काढलेली मुलगी सफरीहून परतते ती आजारी पडण्यासाठीच. एका मोठ्या खोलीचे भाडे आणि आतल्या दाराने जोडलेल्या दोन साध्या खोल्यांचे भाडे यांची तुलना करून पाहा. जहाजाचे दर खोलीत दोघे राहतात असे धरून आकारले जातात, त्यामुळे एकट्याच्या खोलीला पुष्कळदा जवळजवळ दोघांचे भाडे पडते. परंतु कुटुंबात चौघे असतील तर दोन जोडखोल्या अनेकदा एका ‘स्वीट’हून स्वस्त पडतात. आपली झोप हीसुद्धा सफरीच्या खर्चातली एक रास्त बाब आहे. ती मागताना संकोचू नये.

बंदरांवर उतरण्याचा बेतही या हिशेबात धरावा. स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे 1898 ते 1900 या काळात सोन्याच्या शोधात आलेल्यांसाठी बांधली गेली. आज तिच्या डब्यात बसल्या जागी डोंगर, दऱ्या, धबधबे दिसतात. जूनोजवळ मेंडेनहॉल हिमनदी पाहण्यासाठी थोडीशी सपाट, बांधीव वाट आहे. येथे वडील येऊ शकतील. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे कोकणाला लाजवील असा पाऊस पडतो. तेथे निसरड्या लाकडी पायवाटांवर न उतरता खोलीत राहणे शहाणपणाचे ठरेल. जेथे जहाज धक्क्याला न लागता नांगर टाकून उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या नावेने नेतात, तेथे चाकांची खुर्ची पुष्कळदा नेता येत नाही. कोचीहून लक्षद्वीपला जहाजाने जाणाऱ्यांनाही ही गोष्ट लागू आहे: बेटांभोवतीचे पाणी उथळ, म्हणून समुद्रातच हलत्या होडीत उतरावे लागते. ते जमणार नसेल, तर तेथे वरच्या दर्जाच्या खोलीने काही भरून निघत नाही. सफरीत असे थांबे किती, हे तिकिटापूर्वी विचारा. प्रत्येक अशा थांब्याचा दिवस खोलीच्या तासांत मिळवा.

पैशांचा एक वाटा खोलीला नाही आणि दिवसांनाही नाही. मोठ्या जहाजावर डॉक्टर व परिचारिका असतात, ईसीजी, एक्स-रे, प्राथमिक रक्ततपासण्या होतात. शस्त्रक्रिया होत नाही, डायलिसिसची सोय सहसा नसते, आणि प्रत्येक तपासणीचे बिल वेगळे येते. गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलवावे लागले तर तो खर्च कुटुंबाला हादरवणारा असतो. आईवडिलांसाठी अमेरिकेत काढलेला विमा समुद्रावर चालतो का, आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे कंपनीकडून लेखी मागून घ्या. विम्याचे पैसे बाजूला काढल्याशिवाय बाल्कनीची चर्चाच सुरू करू नये.

बारीकसारीक गोष्टी आणखी आहेत. औषधे सफरीच्या दिवसांहून एक आठवडा अधिक, आणि ती हातातल्या पिशवीत. मोठी बॅग खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते. खोलीतला छोटा फ्रिज पुरेसा थंड असेलच असे नाही, म्हणून न उघडलेले इन्सुलिन वैद्यकीय कक्षात ठेवता येईल का, ते विचारावे. श्वासाच्या यंत्रासाठी लागणारी विजेची वायर आधी कळवावी. काही प्रकारच्या विस्तार-जोडण्या जहाजावर चालत नाहीत. जेवणापूर्वी हात साबणाने आणि पाण्याने धुवावेत, कारण जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांवर हाताला चोळायचे अल्कोहोलचे द्रव फारसे चालत नाही. तो आजार झाल्यास रुग्णाला बरे वाटल्यावरही एकदोन दिवस खोलीतच थांबवतात. खिडकीचा विचार येथेही मनात ठेवावा.

मे महिन्यात भाडे जून-जुलैपेक्षा पुष्कळदा कमी असते, आणि त्या किनाऱ्यावर मे हा सप्टेंबरहून कोरडा असतो. तारीख सरकवण्याची मोकळीक असेल, तर त्याच रकमेत खोलीची एक पायरी वर चढता येते.

उरलेली पूर्ण रक्कम भरण्याची मुदत साधारणपणे सफरीच्या तीन महिने आधी येते; तोवर फारसे नुकसान न होता खोली बदलता येते, मात्र भरलेली अनामत परत मिळते का, हे तिकिटाच्या अटींत वाचून घ्यावे. हा अवधी वाया घालवू नका. जहाजाचा मजलेवार नकाशा मागवा, खोलीच्या वर नृत्यगृह वा खाली स्वयंपाकघर नाही ना ते पाहा, लिफ्टवर खूण करा. नंतर आईला किंवा वडिलांना सोबत घेऊन जवळच्या बागेत तीनशे मीटरची फेरी मारा, जेवणाच्या वेळेला, रोज तीनदा, आठवडाभर. किती वेळा बसावे लागले ते त्याच वहीत लिहा, आणि शेवटच्या दिवशी ती वही त्यांच्याच हाती देऊन विचारा की खोली कोठली घ्यायची.